आप्पासाहेबांची सावड

मंगळवारी दुपारी सुलेखाच्या रानात शेवटचे दहा-बारा वाफे राहिले होते आणि बायांची तोंडं हातांपेक्षा जोरात चालली होती. झेडपीची निवडणूक लागलेली, दिवसाला तीन-तीन गाड्या भोंगे लावून गावात फिरत होत्या. बोलायला विषयाचा तोटा नव्हता. सरूबाई मात्र खाली मान घालून कांदा लावत होती. डाव्या हातात रोपाची जुडी. एक रोप चिमटीत धरायचं, अंगठ्यानं चिखलात दाबायचं, चार बोटं सोडून दुसरं. त्रेसष्ट वर्षांची बाई, पण तिची ओळ दोरी लावल्यागत सरळ.

तिचं चित्त तिच्या स्वतःच्या रानात होतं. पाटाचं पाणी शुक्रवारी संध्याकाळी बंद होणार, असं चारीवरचा, म्हणजे पाटाच्या ह्या फाट्यावरचा, माणूस सांगून गेला होता. विहिरीनं तर दिवाळीलाच तळ दाखवलेला. रोप दोन महिन्यांचं होत आलेलं. आणखी आठ दिवस थांबलं तर जून व्हायचं, आणि जून रोपाचा कांदा पोसत नाही, डेंगळ्यात जातो. वर फुलाचा दांडा, खाली काहीच नाही. तेव्हा गुरुवार आणि शुक्रवार, हे दोनच दिवस हातात. एक एकर रान, आणि बाराच्या बारा बाया दोन्ही दिवस आल्या तरच उरकायचं.

ह्या बाराजणी रोजंदारीच्या नव्हत्या, सावडीच्या होत्या. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पैशाचं नाव नाही, दिसाला दिस. मागं एकदा सुलेखाच्या जावेनं तोंड उघडलं होतं. नवीनच लग्न होऊन आलेली, हाताला चपळ. गोजरबाईची दोन बोटं मळणी यंत्रात गेलेली. ती दिवसाला पाच वाफे लावते आणि मी बारा लावते, मग तिच्या एका दिसाला माझा एक दिस कसा, असं तिचं म्हणणं. मग गोजरबाईच म्हणाली, "खरं हाय पोरी तुझं. तुला लेकरू झाल्यावर तू त्याला पाजायला बांधावर बसशील ना, तवा तेवढा दिस कापून घेऊ आमी." पोरगी लाजून लाल झाली आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

तर त्या दुपारी सुलेखाचा फोन वाजला. सुलेखा बचत गटाची अध्यक्ष, तिच्या फोनला दम म्हणून नसायचा. हात पदराला पुसून तिनं बघितलं आणि ओरडली, "अगं बया! हे तर आपले आप्पासाहेब!"

आप्पासाहेब बोडखे म्हणजे सरूबाईचा धाकटा दीर. शहरातल्या कॉलेजात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते, आता रिटायर. व्हिडिओत ते कुठल्याशा 'सुजाण मतदार मंचा'च्या व्यासपीठावर कोट घालून उभे होते.

"मी माझ्याच घरातलं उदाहरण देतो," फोनमधून आवाज आला. "माझी सख्खी वहिनी. दुसरी शिकलेली. दर निवडणुकीच्या आदल्या दिवशी तिचा फोन येतो, आप्पा, कोणतं बटण दाबू? हसू नका." लोक हसत होते. "आता मला सांगा, चाळीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलेल्या माणसाचं मत एक, आणि त्या बाईचं मतही एकच. दोन्हींची किंमत सारखी! मग निवडून कोण येणार? साड्या वाटणारा येणार. दहावी पास झाल्याशिवाय मतदानाचा हक्क असू नये, हे मी जबाबदारीनं बोलतोय."

सुलेखानं घाईघाईनं फोन बंद करायला बोट लावलं.

"परत लाव," सरूबाई म्हणाली.

"जाऊ द्या ना, आक्का."

"लाव म्हणते ना."

तिनं पुन्हा सगळं ऐकलं. मग म्हणाली, "लोकं किती हसली गं," आणि जुडी उचलून परत बसली. त्या दिवशी तिचा शेवटचा वाफा वाकडा लागला. सगळ्या बायांनी तो बघितला.

घरी आली तेव्हा तिचा नवरा तात्यासाहेब ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसला होता. गावभर झालेली गोष्ट त्याच्यापर्यंत केव्हाच आली होती.

"आप्पाची जीभ घसरली असंल," तो म्हणाला.

"जीभ नाय घसरली. दोनदा ऐकलं म्या. चांगला घट्ट पाय रोवून बोलला."

"आप्पाकाका असं बोलूच कसे शकतात?" सून करुणा चुलीपुढून तावातावानं उठली. तिचा नवरा सत्यम चिकलठाण्याला कंपनीत होता, शनिवार-रविवारचाच घरी यायचा. "ह्यांना फोन लावू का? जाऊन विचारतील तोंडावर."

"कुणी कुणाला फोन लावायचा नाय. गुरुवारचं बघा. वाफे बांधून झाले का सगळे?"

असं म्हणाली खरी, पण आप्पाचं लहानपण तिच्या डोळ्यांपुढून हलेना. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा आप्पा तेरा वर्षांचा, शेंबूड पुसायचं कळत नव्हतं त्याला. दहावी झाला आणि शहरात शिकायला गेला. खोली मिळाली, पण खाणावळीला द्यायला घरात होतं काय? गावात तेव्हा एसटीची मुक्कामी गाडी यायची. रात्री यायची आणि सकाळी सहाला सुटायची. सरूबाई चारला उठायची, भाकरी थापायची, कोरड्यास करायची, डबा फडक्यात बांधून पळत पळत गाडीपाशी न्यायची. ड्रायव्हर तो डबा बॉनेटवर ठेवायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. अकरावीपासून एमए होईपर्यंत सात वर्षं. सत्यमच्या वेळी पोटात कळा सुरू झाल्या त्या पहाटेसुद्धा तिनं डबा गाडीवर नेऊन दिला होता, आणि मग ती सुईणीकडं गेली होती. ह्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि वाटलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

दिवेलागणीला दारात पांढरी गाडी थांबली. शिवमदादा उतरला. झेडपीला ह्या गटातून उभा होता. वय पस्तिशीच्या आत, पांढराशुभ्र कुडता, पायात मुद्दाम कोल्हापुरी वहाणा. मागं चार पोरं. आला तो थेट सरूबाईच्या पायांवर वाकला.

"माउली, दुपारपासून अन्न गेलं नाय मला. माझ्या आईची बेइज्जती झाली असं वाटलं."

सरूबाई पाय मागं घेत म्हणाली, "बस बाबा. करुणा, च्या टाक."

"च्या नको. न्याय पायजे. ही शिकलेली लोकं, माउली, आपल्याला माणसातच धरत नायत. एसीत बसून आपल्याला अकला शिकवणार. पिकवायचं आपण, खायचं त्यांनी, आन वर आपणच अडाणी! मी बी अडाणीच माणूस. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाय. पण ह्या अडाण्यांची ताकद दाखवून देऊ."

खोटं कशाला बोला, सरूबाईला ते ऐकून बरं वाटलं. दुपारपासून छातीत अडकलेलं कुणीतरी बाहेर काढून दाखवलं होतं. डोळ्यांना पदर लावावा लागला.

"गुरुवारी सभा हाय," शिवमदादा म्हणाला. "तुमी स्टेजवर माझ्या शेजारी बसायचं. काय बोलायची गरज नाय. ती क्लिप मोठ्या पडद्यावर लावतो आन तुमचा सत्कार करतो. सगळ्या बाया घेऊन या. सुलेखाताईला सांगितलंय, टेम्पो येईल."

"गुरुवारी?" सरूबाईचा पदर खाली आला. "गुरुवारी माझी कांद्याची लागण हाय. पाणी शुक्रवारी बंद होणार."

"एका दिसानं काय होतंय, माउली?"

सरूबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. ज्याच्या तोंडात दर दोन वाक्यांना माती आणि घाम होता, तो विचारत होता एका दिसानं काय होतं म्हणून.

"बघते," एवढंच ती म्हणाली.

गाडीकडं जाता जाता त्याचा फोन वाजला आणि तो अंगणातच फडाफडा इंग्रजीत बोलायला लागला. करुणा बारावी झालेली. दारातून ऐकत म्हणाली, "आत्या, हा पुण्याला इंजिनिअर झालेला आहे. ह्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर छापलं होतं."

"मग अडाणी कशाला म्हणवतो सोताला?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

बुधवारी सकाळी सुलेखा आली आणि दारातच रडायला लागली. टेम्पोभर बाया आणल्या नाहीत तर बचत गटाचं पिठाच्या गिरणीचं कर्जप्रकरण पुढं सरकणार नाही, असा शिवमदादाचा निरोप होता. "आक्का, मला सावड मोडायची नाय. पण मी काय करू?" सरूबाईनं तिला पाणी दिलं. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. तुझा दिस तुझ्यापाशी, एवढं म्हणाली. सुलेखा पाणी न पिताच गेली.

आणि दुपारी आप्पासाहेब आले. स्वतःची गाडी स्वतः चालवत. साठीचा माणूस एका दिवसात खंगल्यासारखा दिसत होता. त्यांच्या फाटकावर कुणीतरी शाई टाकली होती. मंचाच्या लोकांनी 'ते त्यांचं वैयक्तिक मत' म्हणून हात वर केले होते.

"दादा, वहिनी," ते खुर्चीच्या कडेवर बसले. "विपर्यास झालाय. मी तत्त्व म्हणून बोलत होतो."

"तत्त्वात मला कशाला घातलं?" सरूबाई म्हणाली.

"नाव नाही घेतलं मी तुमचं."

"किती वहिन्या हायत तुमाला?"

तात्यासाहेब गुडघ्याकडं बघत राहिला. आप्पासाहेबांनी खिशातून फोन काढला. "फक्त एक मिनिट बोला, वहिनी. आप्पा माझा दीर आहे, त्यानं माझा अपमान केलेला नाही, लोक उगाच भांडवल करताहेत. एवढंच. मी व्हिडिओ करतो."

"म्हंजे अपमान झाला का नाय, ते बी तुमीच सांगणार."

"तसं नाही हो. पण फोन तर तुम्ही करत होता की नाही? बटण विचारायला? त्यात मी खोटं काय बोललो?"

आता मात्र सरूबाई उठून उभी राहिली. कंबरेवर हात ठेवला. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती ह्या दिराला तू म्हणायची. तो प्राध्यापक झाला तेव्हा तिनं आपणहून तुमी सुरू केलं होतं. ते तिनं त्या क्षणाला सोडलं.

"आप्पा, सर्जा बैल घेतला तवा तुला इचारलं होतं, आठवतं का?"

"आठवतं ना. मीच म्हणालो होतो घ्या म्हणून."

"तू घ्या म्हणालास तवा सर्जा चार दिसांपासून गोठ्यात वैरण खात होता."

तात्यासाहेबाला ठसका लागला.

"करुणाला पसंत करू का, म्हणून तुला इचारलं. सुपारी आधीच फुटली होती. विहीर कुठं खणू, इचारलं. पाणी लागलेलं होतं. घरातला एवढा शिकलेला माणूस, त्याला इचारायचा मान असतो. आपल्याला कुणी इचारत नाय असं तुला वाटाया नको, म्हणून हे घर तुला इचारत आलं. आन तू त्याचं हे केलंस?"

आप्पासाहेबांचा फोन हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "आणि बटण?"

"तू सांगितलेलं बटण आजवर एकदाबी दाबलं नाय."

"एकदाही नाही?"

"ज्यानं चारी आणली त्याला दाबलं. तुझा माणूस बोलायचा झकास, पण आपली चारी कुठून निघती ते त्याला ठावं नव्हतं. मग पुढच्या खेपेला चारीवाल्यानं आमचं गेट बंद ठेवलं, म्हणून त्याला बी पाडला. तुला फोन आपला दर खेपेचा. तुझा मान ठेवायला, दुसरं काय!"

आप्पासाहेबांनी फोन खिशात घातला.

"व्हिडिओ मी देणार नाय," सरूबाई म्हणाली. "शिवमच्या स्टेजवर बी जाणार नाय. दोघांनाबी माझं तोंडच पायजे. सात वरसं डबा घातला तुला, आप्पा. कधी काढलं नाय तोंडातून. आज काढते. ती सावड होती असं समज. उद्या माझी लागण हाय, बाया कमी पडणार. सातला रानात ये आन फेड."

"वहिनी, मला कांदा लावता येत नाही."

"मला तरी कुठं वाचता येतं?"

ते त्या रात्री बाजेवर पडून राहिले. गाडी दारातच होती. जायचं तर केव्हाही जाता आलं असतं.

गुरुवारी सकाळी थंडी अशी की वाफ्यातल्या पाण्यात हात घातला की बोटं बधिर. बारापैकी सहा बाया आल्या. सरूबाई, करुणा आणि त्या सहा. एकर रानाच्या मानानं काहीच नव्हे. सरूबाईनं एकदा रस्त्याकडं बघितलं, पदर खोचला आणि वाफ्यात उतरली.

आप्पासाहेब आले. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, पोटऱ्या पांढऱ्याफटक. चिखलात पाय टाकताच हुडहुडी भरली त्यांना. त्यांना गोजरबाईच्या शेजारचा वाफा मिळाला. गोजरबाई चौथीपर्यंत त्यांच्या वर्गात होती, आणि पाढ्यांत त्यांच्या पुढं. तिचं गावातच लग्न लावून दिलं म्हणून शाळा सुटली.

"सर," ती म्हणाली, "मूळ वाकडं झालं तर रोप मरतंय. अंगठा सरळ दाबा. इतकं खोल नको, गाडायचंय का त्याला? आता लई वर झालं. पडलं बघा."

बाया खुदखुदल्या. आप्पासाहेबांनी मान वर केली नाही. दहा मिनिटांत त्यांच्या मांड्या थरथरायला लागल्या, अर्ध्या तासात त्यांनी एक हात चिखलात टेकवला, आणि तासाभरानं ते सरळ चिखलात मांडी घालूनच बसले. गोजरबाई तीन बोटांच्या हातानं रोप लावत त्यांच्या पुढं निघून गेली होती. तिच्या त्या हाताकडं ते मधूनमधून बघत होते.

दहाच्या सुमाराला भोंगा ऐकू आला. पुढं पांढरी गाडी, मागं टेम्पो, टेम्पोत सारख्या साड्या नेसलेल्या बाया. रानाशेजारी येताच गाडी थांबली. शिवमदादा काच खाली करून माउलीला हाक मारणार, तेवढ्यात त्याला चिखलात बसलेले आप्पासाहेब दिसले. त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगावं.

"अरे, मोबाईल काढा रे! लाईव्ह करा, लाईव्ह!" तो बांधावर उडी मारून आला. "बघा मित्रांनो! हेच ते प्राध्यापक! आपल्याला अडाणी म्हणणारे! आज आपल्या माउलीनं ह्यांना माती दाखवली!"

पोरं दोन्ही बाजूंनी फोन धरून पुढं आली. आप्पासाहेब गडबडीनं उठायला गेले, पाय घसरला आणि पुन्हा बदकन बसले. पोरं फिदीफिदी हसली. टेम्पोतूनही कुणीतरी हसलं.

ते हसणं सरूबाईनं ओळखलं. मंगळवारी सुलेखाच्या फोनातून आलं होतं, तेच. ती वाफ्यातून उठली, चिखल तुडवत आली, आणि सगळ्यात पुढं असलेल्या फोनच्या डोळ्यावर तिनं आपला चिखलाचा अंगठा दाबला. चांगला जोर लावून, रोप दाबतात तसा.

"ए म्हातारे!" पोरगा ओरडला.

"गप रे," शिवमदादानं त्याला दटावलं आणि आवाज मऊ केला. "माउली, हाच माणूस तुमाला अडाणी म्हणाला ना?"

"म्हणाला. त्याचं मी बघते. माझ्या घरातला हाय तो, आन आज माझ्या सावडीला आलाय. सावडीला आलेल्या माणसाला माझ्या बांधावर कुणी हसायचं नाय."

"मी तर तुमच्याच बाजूनं..."

"माझ्या बाजूनं हायस ना? मग ये. वाफ्यात पाणी हाय, रोप हाय. कुडता खोच आन एक वाफा लाव. मग लागंल तेवढा काढ व्हिडिओ."

शिवमदादानं पांढऱ्या कुडत्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. "सभेला उशीर होतोय."

"व्हय ना? एका दिसानं काय होतंय, म्हणालतास. माझं रान वाळलं तरी चालंल, सभा नाय चालणार. तू इंजिनिअर हायस म्हणं. चांगलं हाय, अभिमानानं सांग की. अडाणी म्हणवून आमच्यात कशाला घुसतोस? आमी हाव तेवढं बस हाय."

बायांत खसखस पिकली. ह्या वेळी टेम्पोतल्याही मोठ्यानं हसल्या, आणि शिवमदादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ठीक हाय," तो म्हणाला. "लक्षात ठेवतो मी."

"ठिव. सरूबाई तात्यासाहेब बोडखे. मत एकच हाय माझं. पन्नास वेळा पाया पडलास तरी कुणाला ते सांगणार नाय."

तो वळला तेवढ्यात टेम्पोच्या फळीवरून सुलेखा खाली उतरली. नवी साडी गुडघ्याच्या वर खोचत ती बांधावर आली.

"ताई, बसा वर. गिरणीचं लक्षात हाय ना?" शिवमदादा दातओठ खात म्हणाला.

सुलेखा वाफ्यात उतरत म्हणाली, "दादा, मंगळवारी ही बाई माझ्या रानात होती. आज माझा दिस हाय इथं. गिरणी नाय झाली तर जात्यावर दळू."

तिच्या मागून आणखी तिघी उतरल्या. दोघी बसूनच राहिल्या, खाली मान घालून. त्यांच्या घरची काय अडचण होती कुणास ठाऊक, सरूबाईनं त्यांना हाक मारली नाही. गाड्या निघून गेल्या. भोंगा वळणापर्यंत ऐकू येत होता.

मग रान असं पेटलं कामाला की विचारू नका. दुपारची भाकरी बायांनी उभ्याउभ्या खाल्ली. आप्पासाहेबांना करुणानं पान वाढलं. भाकरी, ठेचा आणि वांग्याचं कोरड्यास. एक घास खाऊन ते थांबले. "हेच असायचं डब्यात," म्हणाले, आणि दुसरा घास मोडला. सरूबाईनं ऐकलं, पण तिनं पाणी कुठवर आलंय ते बघायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

दिवस कलला तेव्हा निम्म्याहून जास्त रान हिरवं झालं होतं. उद्या एवढ्याच जणी आल्या तर पाणी तुटायच्या आत हातावेगळं होत होतं. बाया चारीवर हातपाय धुवायला गेल्या. आप्पासाहेब कंबर धरून बांधावर बसले होते. नखांत चिखल, चष्म्यावर चिखल.

करुणा त्यांच्या वाफ्यापाशी वाकून म्हणाली, "आत्या, ह्यातली निम्मी रोपं उताणी पडलीत. उद्या परत लावावी लागतील."

"लावू."

"वहिनी," आप्पासाहेब हळूच म्हणाले, "दिवसभरात दीड वाफा झाला माझा. त्यातलाही निम्मा मेला. आजचं काही धरू नका."

सरूबाई लुगड्याला हात पुसत होती. "गोजरे, आज तुझे किती झाले?"

"पाच."

"सुलेखा?"

"उशिरा आले ना, आठ."

"माझे तेरा. आप्पाचा दीड." सगळ्या बाया ऐकत होत्या. सरूबाई दिरापुढं येऊन उभी राहिली. "तुझा दिस अख्खा धरला, आप्पा."

"पण..."

"पण नाय न् बिण नाय. गोजरीचा जेवढा, माझा जेवढा, तेवढाच तुझा. इथं असंच असतंय. दहावी कोण पास हाय ते आमी इचारत नाय आन वाफे कुणी किती लावले ते बी इचारत नाय."

आप्पासाहेबांनी गोजरबाईकडं बघितलं. ती चारीत पाय सोडून तीन बोटांनी टाचा घासत होती. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागले. सदराही चिखलाचाच होता, त्यामुळं काच आणखीच माखली.

"उद्या सहाला पाणी सोडायचंय," सरूबाई म्हणाली. "उशीर करू नको. आन पुढच्या शनिवारी मतदान हाय, तुझं नाव अजून गावच्याच यादीत हाय. ह्या खेपेला मी फोन करणार नाय. तू मला कर. वहिनी, कोणतं बटण दाबू, असं इचार. मी सांगते."

"आणि तुम्ही सांगाल ते मी दाबायचं?"

"छ्या!" सरूबाई रोपाची उरलेली जुडी पाण्यात ठेवत म्हणाली. "दाबायचं तुझं तुलाच. मी दाबत आले तसं."